जुन्या बंदुकीची उडालेली कांती: घरी किती करावे आणि कारागिराने काय हाती घेऊ नये

पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या काठची गावे घ्या, की औंढा, वसमत, हिंगोलीकडचे जुने वाडे घ्या. परवान्याची एखादी बाराबोअर किंवा पिकाच्या राखणीची ठासणीची बंदूक आजही काही घरांतून आढळते. रानडुकरे आणि रोही यांच्या त्रासाने हैराण झालेल्या शेतकऱ्याने वडिलांच्या वेळची बंदूक जपून ठेवलेली असते. (बंदूक परवान्याची असली तरी रानडुकरावर ती चालवायची तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते, हे जाता जाता सांगून ठेवतो.) या बंदुकीची नळी नवी असताना निळसर काळी आणि तुकतुकीत असते. पुढे हात लागतो तिथे ती पांढरी पडते, तोंडाशी झिजते, आणि दोनचार पावसाळे दुर्लक्ष झाले की तांबूस ठिपके उमटतात. मग मालकाच्या मनात येते की घरीच घासून, काहीतरी लावून हिला पुन्हा काळी करावी. ते जमले नाही की तो ती घेऊन धार लावणाऱ्याकडे, लेथवाल्याकडे किंवा पॉलिशवाल्याकडे जातो.

म्हणजे प्रश्न दोन झाले. मालकाने घरी काय करावे हा एक, आणि असे गिऱ्हाईक दारात आले तर कारागिराने काय करावे हा दुसरा. दुसरा आधी घेतो, कारण त्यातली गफलत कारागिराला थेट तुरुंगापर्यंत नेऊ शकते.

कारागिराने आधी कायदा पाहावा

शस्त्रांना जिल्हई देणे हा आपल्याकडे पिढीजात धंदा आहे. शिकलगार हा शब्दच अरबी ‘सैकल’, म्हणजे घासून चकाकी आणणे, यावरून आलेला. तलवारी, जंबिये, भाले साफ करणारा तो सैकलगर, त्याचा पुढे शिकलगार झाला. तलवारी गेल्या, कात्र्या, सुऱ्या, अडकित्ते राहिले. त्यामुळे बंदुकीची नळी पुढ्यात आली की हात आपोआप तिकडे जातो, आणि ‘आपण कुठे बंदूक बनवतो, नुसते पॉलिश तर करतो’ असे वाटते. नेमकी इथेच फसगत होते.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक तयार करणे, विकणे, बदलणे यांबरोबर ती दुरुस्त करणे यालाही परवाना लागतो. एवढेच नाही, तर दुरुस्तीसाठी बंदूक आपल्या ताब्यात ठेवणे हेही त्याच कलमात येते. हे कलम मोडले तर कलम २५ खाली शिक्षा आहे. पूर्वी ती किमान ३ वर्षे होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी झाली. पॉलिश म्हणजे दुरुस्ती नव्हे, असा युक्तिवाद एखादा वकील करीलही. तो युक्तिवाद ऐकायला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असू नये, एवढेच आमचे म्हणणे. गिऱ्हाईक ओळखीचे आहे, गावचे आहे, परवाना त्याच्या खिशात आहे, याने काही फरक पडत नाही. परवाना त्याला बंदूक बाळगण्याचा आहे, तुम्हाला तिच्यावर काम करण्याचा नाही.

दुसरे कलम ८. बंदुकीवर ठोकलेले नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणे, बदलणे, काढणे हा गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचे असे की ज्याच्याकडे अशी नंबर पुसलेली बंदूक सापडेल त्यानेच तो पुसला असे कायदा धरून चालतो, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो. आता विचार करा. मुंगेरच्या जुन्या बंदुकीवरचा नंबर उथळ असतो, वर पन्नास वर्षांचा गंज. बफाच्या चाकावर ती नळी दोन मिनिटे धरली तरी आकडा अर्धा जातो. चोरीचा हेतू कोणाच्याच मनात नसतो. पण परवान्यावर लिहिलेला नंबर आणि बंदुकीवरचा नंबर जुळत नाही, आणि नूतनीकरणाच्या वेळी मालक अडचणीत येतो. मालक अडकला की ‘पॉलिश कोणी केले’ हा पुढचा प्रश्न ठरलेला.

मालकाने बंदूक परवानाधारक गनस्मिथकडे किंवा दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे न्यावी. स्वतः जाणे शक्य नसेल तर कलम ३ मध्ये सोय आहे: परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक घेऊन जाऊ शकतो. तोंडी निरोप चालत नाही. मुलाला, गड्याला किंवा ड्रायव्हरला पाठवायचे तर चिठ्ठी द्यावी आणि परवान्याची प्रतही बरोबर ठेवावी, असे आम्ही सुचवू.

माळ्यावर आजोबांची बंदूक सापडली आणि तिचा परवाना कोणाच्याच नावावर नाही, असेही होते. अशा वेळी ती आधी साफ करायला बसू नये. परवानाधारक वारला की वारसाने विनाविलंब ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असे कलम २१ सांगते. परवान्याचा अर्ज त्यानंतर. जी बंदूक इतकी जुनी किंवा मोडकी आहे की दुरुस्त करूनही चालणार नाही, तिला कलम ४५ मध्ये सूट आहे. पण ती चालणार नाही हे आपण घरबसल्या ठरवू नये.

हा काळा रंग म्हणजे काय

पुष्कळांची समजूत अशी की नळीवर काळा रंग दिलेला असतो. तसे नाही. तो गंजच आहे, फक्त चांगल्या जातीचा. लोखंडाला हवापाणी लागून जो तांबडा गंज चढतो तो भुसभुशीत असतो, पापुद्रे सुटतात, आणि पापुद्र्याखाली पुन्हा ओल शिरून लोखंड खात राहते. लोखंडाचा दुसरा ऑक्साइड काळा असतो, चुंबकी दगडाच्या जातीचा. तो लोखंडाला घट्ट चिकटून बसतो आणि तेल धरून ठेवतो. ब्लूइंग म्हणतात ते याच काळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर मुद्दाम चढवणे. हा थर एकटा लोखंडाचे रक्षण फारसे करत नाही. रक्षण करते ते त्यात मुरलेले तेल. म्हणून तेल न लावलेली काळीकुळीत बंदूकही सिद्धेश्वरसारख्या पाणथळ ठिकाणी एका श्रावणात गंजते, आणि नियमाने तेल पुसलेली, कांती उडालेली बंदूकही वर्षानुवर्षे टिकते. जिची कांती उडाली आहे पण गंज नाही, अशा बंदुकीला बहुतेक वेळा काहीही करायची गरज नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती म्हातारी दिसते, दिसू द्यावी. जुनी विलायती बंदूक असेल तर मूळची झिजलेली कांतीच जाणकार पसंत करतात, नव्याने काळी केलेली नव्हे.

कांती उडण्याची कारणे साधी आहेत. घामातले मीठ हे पहिले. चामड्याचे किंवा लोकरी कापडाचे म्यान हे दुसरे: चामडे ओल धरते, त्यात कमावताना वापरलेले क्षारही असतात, आणि बंदूक महिनोन्महिने त्यातच पडून राहिली की म्यानाच्या शिवणीचा ठसा नळीवर गंजाने उमटतो. ठासणीच्या बंदुकीत तिसरे कारण काळ्या दारूचे. तिची राख हवेतली ओल ओढते. बार उडवल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन कोरडी केली नाही तर दुसऱ्या दिवशी आतून लाल झालेली दिसते.

चौथे कारण घरातल्या घरातच सापडते. तांब्यापितळेची भांडी आपल्याकडे चिंचेने किंवा लिंबाने लख्ख करतात. तोच हात बंदुकीवर फिरला की नळी क्षणात चांदीसारखी उजळते, आणि साफ करणाऱ्याला वाटते, वा! वास्तविक चिंच-लिंबाच्या आंबटाने काळा थर विरघळून गेलेला असतो. बाजारात गंज काढायची जी द्रावणे मिळतात, त्यांतील बहुतेकांत आम्ल असते; तीही गंजाबरोबर कांती घेऊन जातात.

मालकाने घरी करावे ते

प्रथम बंदूक रिकामी आहे का ते पाहावे. काडतुसाच्या बंदुकीत ते मोडून डोळ्यांनी दिसते. ठासणीच्या बंदुकीत दिसत नाही, आणि आजोबांनी भरून ठेवलेला बार नातवाच्या हातात असतो. गज नळीत शेवटपर्यंत सोडावा, तोंडाशी खूण करावी, मग तोच गज बाहेरून नळीशी धरून खूण कानाच्या, म्हणजे बत्तीच्या भोकाच्या, जागेपर्यंत पोहोचते का पाहावे. चारदोन बोटे कमी भरली तर आत काहीतरी आहे. तसे असेल तर काढायचा खटाटोप न करता ती तशीच गनस्मिथकडे न्यावी, आणि न्यायच्या आधी तिथे विचारून घ्यावे.

तांबूस ठिपक्यांवर शिवणयंत्राचे तेल लावून रात्रभर ठेवावे. सकाळी अगदी बारीक, चार शून्याच्या लोखंडी लोकरीने, तेलातच, हलक्या हाताने घासावे. लोकर नसेल तर तांब्याचे जुने नाणे उपयोगी पडते. एखाद्या घरात ढब्बू पैसा असेलच. तांबे पोलादापेक्षा मऊ, म्हणून ते गंज खरवडते पण नळीला ओरखडा पडत नाही. पॉलिश पेपर, एमरी, भांडी घासायची तारेची घासणी यांना हातही लावू नये. गंज निघाला की खाली करड्या रंगाचा डाग किंवा बारीक खड्डा दिसेल. तो तसाच राहील. गंज थांबला म्हणजे काम झाले.

तेल खनिजच हवे. करडई, शेंगदाणा, खोबरेल ही खाण्याची तेले काही महिन्यांत चिकट होतात, त्यावर धूळ बसते आणि घोडा-चाप जड होतात. उलट लाकडी दस्त्याला जवसाचे कच्चे तेल चांगले. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळावे, पुसून टाकावे. बंदूक कोपऱ्यात उभी करायची असेल तर तोंड खाली करून ठेवावी. तोंड वर असले की तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड कुजवते.

छोट्या पांढऱ्या जागेसाठी ‘कोल्ड ब्लू’ नावाचे तयार द्रावण मिळते. घरी करण्यासारखे फार तर तेवढेच. जागा स्पिरिटने पुसून तेलाचा अंशही काढायचा, बोटे लावायची नाहीत, कापसाने द्रावण फिरवायचे, अर्ध्या-एक मिनिटाने पाण्याने पुसून वाळवायचे, बारीक लोकरीने हलके फिरवायचे, हवे तर पुन्हा, आणि शेवटी भरपूर तेल. त्याने डाग झाकला जातो, टिकाऊ कांती येत नाही. हाताच्या वर्दळीच्या जागी थोड्याच दिवसांत ती जाते, आणि सगळी नळी याने काळी करायला गेलो तर ढगाळ पट्टे दिसतात. अशा बऱ्याच द्रावणांत सेलेनियमचे क्षार असतात, ते विषारी. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, बाटली मुलांपासून दूर ठेवावी, आणि स्वयंपाकघरात हे काम करू नये. कसाई बांधवांच्या सुऱ्यांवर किंवा घरच्या विळीवर हे द्रावण वापरू नये, हे वेगळे सांगायला नको.

याशिवाय लोक जे करतात त्यातले एक फार घातक आहे. लोखंड तापवले की निळे होते हे लोहाराला ठाऊक असते, आणि ते खरेही आहे: ३०० अंशांच्या आसपास पोलादावर सुंदर निळा रंग येतो. पण दुनळी बंदुकीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुधा शिसे-कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात, आणि तो डाक २०० अंशांच्या आसपासच वितळू लागतो. निळा रंग दिसेपर्यंत पट्टी सुटलेली असते. कमानी तापवल्या तर मऊ पडतात आणि घोडा पुन्हा तसा आपटत नाही. काळा जपान किंवा एनॅमल फासणे त्या मानाने निरुपद्रवी. पण रंगाखाली गंज सुखाने वाढतो आणि नंबर भरून जातो, म्हणून तेही नको.

गनस्मिथ हे काम कसे करतो

हे समजून घेतले तर मालकाला काम पारखता येते आणि कारागिराला त्यातली विद्या दुसरीकडे वापरता येते. जुन्या दुनळीसाठी खरी पद्धत एकच: गंज आणायचा, उकळायचा, घासायचा.

आधी नळी हाताने घासतात, लांबीच्या दिशेने, कागद लाकडी पट्टीला गुंडाळून. २४० नंबरपासून ३२० आणि ४०० पर्यंत. चांगला कारागीर इथे चाक वापरत नाही. चाकाने कोपरे मारले जातात, स्क्रूची भोके वाटीसारखी पसरतात, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या होतात. ब्लूइंगमध्ये घासण्यातला कोणताच दोष झाकला जात नाही; काळ्या रंगावर तो अधिक उठून दिसतो. नंबर आणि प्रूफच्या खुणांभोवती तर तो नुसत्या बोटाने, जपून घासतो. विलायती नळीवरच्या लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफच्या खुणांवरून ती कोणत्या दारूसाठी तपासली होती ते कळते. त्या पुसल्या म्हणजे बंदुकीची जन्मपत्रिका फाडली.

मग नळीच्या दोन्ही तोंडांत लाकडी खुंट्या ठोकतात. आतली बाजू सुरक्षित राहते आणि धरायला मूठही मिळते. तेलाचा अंश काढण्यासाठी जुने कारागीर विझवलेल्या चुन्याच्या पाण्याने घासत. यानंतर उघडा हात लावायचा नाही. गंज आणणारे द्रावण कापसाने, जवळजवळ कोरड्या बोळ्याने, लांब एकेरी हात मारून लावतात. ओघळ येता कामा नये. जुन्या कृतींत नवसागर, मोरचूद, तेजाब आणि रसकापरासारखे पाऱ्याचे क्षारही सापडतात. रसकापराची कृती कोणी वहीतून काढून दिली तर ती वहीतच राहू द्यावी. तेजाबांचे मिश्रण घरी करणेही तितकेच वाईट. त्यातून निघणारा तपकिरी धूर फुप्फुस जाळतो.

द्रावण लावलेली नळी दमट जागी काही तास टांगून ठेवतात. कोरड्या मुलखात यासाठी गरम पाण्याची परात ठेवलेली बंद पेटी लागते. धरणाकाठी आषाढ-श्रावणात नुसती पडवी पुरते. नळीवर शेंदरासारखा तलम, सारखा गंज उठला की ती स्वच्छ पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळतात, आणि डोळ्यांदेखत तांबडा गंज काळा मखमली होतो. वर सांगितलेला तांबडा ऑक्साइड उकळत्या पाण्यात काळ्यात बदलतो, बस. वाळली की तेल काढलेल्या बारीक लोखंडी लोकरीने वरचा सुटा काळा उडवतात. खाली राहतो फिकट करडा थर. पुन्हा द्रावण, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. चार ते आठ फेऱ्या झाल्या की खोल, शांत काळा रंग येतो. शेवटी सोड्याच्या पाण्यात उकळून आम्ल मारतात आणि नळी गरम असतानाच तेलात भिजवतात. उकळी न देता गंज तसाच घोटत गेले तर तपकिरी रंग येतो. फार जुन्या ठासणीच्या बंदुकांवर तोच शोभतो.

मराठवाड्यात या कामाची खरी अडचण पाण्याची. बोअरचे पाणी जड असते, त्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके उकळताना नळीवर बसतात. बॅटरीचे शुद्ध पाणी किंवा स्वच्छ जमवलेले पावसाचे पाणी वापरावे लागते. उकळायची लांब डोणी साध्या लोखंडाची किंवा स्टीलची हवी. छपराच्या पन्हाळीचा जस्ती पत्रा चालत नाही, कारण जस्त या कामात ढवळाढवळ करते.

या कामाला साधारण आठवडा जातो, त्यातला बराचसा वाट पाहण्यात. म्हणून ‘संध्याकाळी घेऊन जा’ असे जो सांगतो तो हे काम करत नाही, एवढे मालकाने ओळखावे.

एक बाब वेगळी नोंदवण्यासारखी. काही जुन्या विलायती नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसते; तिला दमास्कसची नळी म्हणतात. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून ती सांधलेली असते. आपल्याकडच्या जौहरदार पोलादाशी तिचे नाव जोडले जाते, पण वस्तू दोन निराळ्या. जौहरदार पोलाद मुशीत वितळवून होई. नांदेडच्या पलीकडे, निझामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे गाव त्या पोलादासाठी इराणी व्यापाऱ्यांना माहीत होते, आणि व्हॉयसी या इंग्रजाने तिथल्या भट्ट्यांचे केलेले वर्णन १८३२ मध्ये छापले गेले. पात्यावर तो जौहर उठवण्यासाठी कारागीर कासीस, म्हणजे लोखंडाचे गंधकी क्षार, लावत असत. दमास्कसच्या बंदुकीची नक्षीही साध्या पॉलिशने पुसली जाते. तिची कांती गंज आणण्याच्याच पद्धतीने, नक्षी उठून दिसेल अशी केली जाते. आणि कांती कितीही सुरेख आली तरी आजच्या बिनधुराच्या दारूची काडतुसे अशा नळीत घालू नयेत. ती काळ्या दारूच्या काळातली आहे.

कॉस्टिकची हंडी आणि त्यातला धंदा

नव्या कारखानी बंदुका आणि वाळूज, चिखलठाणा किंवा पुण्याकडच्या वर्कशॉपांतील लोखंडी भाग काळे करतात ते निराळ्या पद्धतीने. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या १४० अंशांच्या आसपास उकळणाऱ्या घट्ट द्रावणात भाग बुडवून ठेवले की अर्ध्या तासात काळे होतात. कारखान्यांच्या भाषेत याला ब्लॅकनिंग किंवा ब्लॅकोडायझिंग म्हणतात. अ‍ॅलन बोल्ट, गेज, फिक्श्चर, टूल होल्डर यांचा काळा रंग तो हाच.

दुनळी बंदूक या हंडीत कधीच घालायची नाही. उष्णतेने डाक वितळत नाही, पण कॉस्टिक शिसे आणि कथील खाते. पट्टीखाली शिरलेले द्रावण पुढे महिनोन्महिने पांढरे फुटत राहते. अ‍ॅल्युमिनियमचा भाग असेल तर तो विरघळतोच. म्हणून गनस्मिथकडे दुनळी देताना ‘हंडीत टाकणार का’ हे विचारावे, आणि होकार आला तर बंदूक परत आणावी.

कारागिराच्या दृष्टीने मात्र या हंडीत रोजी आहे, आणि तिला शस्त्राचा परवाना लागत नाही. लेथवर भाग तयार करणारा बांधव ते काळे करायला दुसरीकडे पाठवतो आणि वाहतुकीचे पैसे भरतो. पान्हे, पकडी, कुलपांचे भाग, जुन्या शिवणयंत्राचे व लोहारी हत्यारांचे लोखंडी तुकडे, जुन्या वाड्यांच्या कड्या-कोयंडे यांना हीच कांती शोभते. चांगले घासता येणारा हात ही या धंद्यातली खरी पुंजी, आणि ती शिकलगाराकडे आधीच आहे. जुन्या वस्तूंच्या थोड्या कामासाठी वरची गंजाची पद्धतही चालते. तिला फक्त डोणी, स्टोव्ह आणि सबुरी लागते.

पण हंडी हे घरच्या अंगणातले काम नव्हे. उकळत्या कॉस्टिकमध्ये पाणी सांडले की ते क्षणात वाफ होऊन सगळी हंडी अंगावर उडवते. डोळा गेला तर परत येत नाही. पाणी कमी झाले तर हंडी थंड करून घालावे. तोंडाला पूर्ण काच, रबरी हातमोजे, एप्रन, आणि हातापाशी वाहते पाणी हवेच. भांडे लोखंडी हवे. घरातले अ‍ॅल्युमिनियमचे पातेले घेतले तर कॉस्टिक ते खाते आणि भडकणारा वायू सोडते. भागाला गंज किंवा तेल राहिले तर रंग धरत नाही. बीड आणि काही ओतीव भाग तांबूस-जांभळे येतात, स्टेनलेस तर येतच नाही. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितले तर भांडण टळते. उरलेले द्रावण गटारात किंवा नदीत सोडता येत नाही. म्हणून एकट्याने छोटी हंडी घालण्यापेक्षा तीनचार लेथवाल्यांनी मिळून औद्योगिक वसाहतीत जागा घ्यावी आणि प्रदूषण मंडळाची परवानगी आधी काढावी, असे आम्हांस वाटते.

निवडणूक आणि कोठडीतली बंदूक

बंदुकीची कांती जाण्याचे एक कारण मालकाच्या हाती नसते. निवडणूक लागली की प्रशासन परवानाधारकांना शस्त्र जमा करायला सांगते. २०२४ साली हिंगोलीत लोकसभेचे मतदान २६ एप्रिलला आणि विधानसभेचे २० नोव्हेंबरला झाले. मध्ये अख्खा पावसाळा. पोलीस ठाण्याच्या कोठडीत बंदुकांची शाकारणी कोणी करत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. तेव्हा जमा करण्याआधी नळी आतून-बाहेरून पुसून नेहमीपेक्षा जाड तेल किंवा ग्रीस लावावे, चामड्याच्या म्यानाऐवजी तेलकट सुती कापडात गुंडाळावी आणि वर नंबराची चिठ्ठी बांधावी. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. निकाल लागून आदेश निघाला की परत आणायला उशीर करू नये. पावतीवर बंदुकीचा नंबर परवान्याप्रमाणेच लिहिला आहे हे तिथेच वाचून पाहावे, आणि ‘नळीवर गंज नाही’ एवढे तीन शब्द जमले तर लिहून मागावेत.